समुपदेशकाच्या खोलीत

डोळे तपासायला गेलो की भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, डॉक्टर एकामागून एक भिंगे बदलतात आणि "आता दिसते का?" असे विचारतात. दात दुखत असेल तर डॉक्टर आपल्याला खुर्चीवर बसवून तोंड उघडायला लावणार, हेही आपल्याला ठाऊक असते. पुढे काय घडणार हे माहीत असल्यामुळे वाटणारी भीती बेताचीच असते. परंतु "तू एकदा समुपदेशकांना भेटून ये" असे कोणी म्हटले, की मन चलबिचल होते. तेथे नेमके काय करतात? आपण न सांगताच त्यांना आपल्या मनातले कळते काय? आपण सांगितलेले घरी आणि शाळेत पोचेल काय? आणि सर्वांत बोचणारा प्रश्न म्हणजे, "मला वेड लागले आहे असे लोकांना वाटेल काय?"

भारतात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. १३ ते १७ या वयोगटातील शंभरांपैकी सुमारे सात जणांना कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे त्यात आढळले. म्हणजे साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात असे चार जण सहज असू शकतात. यांतले बरेच जण मदत घ्यायला जात नाहीत. त्रास लहान असतो म्हणून नव्हे, तर दाराच्या आत काय आहे हे माहीत नसते म्हणून. आज ते दार आपण उघडून पाहू या.

कोण कोण असते?

मनाच्या तक्रारींवर काम करणारे लोक मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिले मानसोपचारतज्ज्ञ. हे वैद्यकीय पदवी घेऊन पुढे मनोविकारांचा अभ्यास केलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. दुसरे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. मानसिक चाचण्या घेणे व बोलण्याच्या मार्गाने उपचार करणे, हे त्यांचे काम. ते औषधे देत नाहीत. तिसरे समुपदेशक. मानसशास्त्राचे किंवा समुपदेशनाचे शिक्षण घेऊन ते अभ्यास, परीक्षा, मैत्री, घरातले ताण, भीती, दुःख अशा प्रश्नांत माणसाला मदत करतात. गरज पडली तर ते आपल्याला पहिल्या दोघांकडे पाठवतात. "आपले शिक्षण काय झाले आहे?" असे यांपैकी कोणालाही विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला समुपदेशक ते आपण होऊन सांगतो.

यांच्याकडे जाणारा माणूस 'वेडा' असतो, ही समजूत साफ चुकीची आहे. पाय मुरगळल्यावर डॉक्टरकडे जाणारा माणूस पांगळा ठरत नाही, तसेच हे.

पहिली भेट

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, नववीतली एक मुलगी आहे. वर्गात उभे राहून धडा वाचताना एकदा ती अडखळली आणि मुले हसली. तेव्हापासून वाचनाचा तास आला की तिच्या छातीत धडधडते आणि हातांना घाम सुटतो. भाषेचा तास असेल त्या दिवशी सकाळीच पोटात दुखू लागते. महिन्याभरात तिचे आठ दिवस बुडाले. गावातल्या डॉक्टरांनी पोट तपासले, तर त्यात काही दोष नाही. शेवटी आई तिला समुपदेशकांकडे घेऊन आली.

खोली साधीच असते. दोन-तीन खुर्च्या, एक टेबल, बहुधा एक घड्याळ. भेट साधारणपणे पाऊण तासाची असते. प्रथम नाव, वय, इयत्ता अशी माहिती लिहून घेतात. विद्यार्थ्याचे वय अठराहून कमी असल्यास पालकांची संमती घेतात. सुरुवातीला पालकांशी थोडे बोलणे होते आणि मग विद्यार्थ्याशी एकट्याने.

यानंतर प्रश्न येतात. काय होते? केव्हापासून? कधी वाढते, कधी कमी होते? झोप कशी लागते? भूक लागते का? घरी कोण कोण आहे? पूर्वी काही मोठे आजारपण झाले होते का? पोटदुखीसाठी आलेल्या मुलीला झोपेविषयी कशाला विचारतात, असे आपल्याला वाटेल. परंतु मन आणि शरीर ही दोन निराळी यंत्रे नव्हेत. रक्तातील लोह कमी झाले किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले, तरीही माणूस उदास आणि थकलेला दिसतो. अशी शंका आली तर समुपदेशक आधी रक्त तपासून घ्यायला सांगतात.

एखादा प्रश्न दचकवणाराही असतो. "कधी जगणे नकोसे वाटते का?" असे समुपदेशक सरळ विचारू शकतात. प्रश्न विचारल्यामुळे तो विचार मनात रुजत नाही, असे या विषयावरील अभ्यासांत दिसून आले आहे. उलट, ज्याच्या मनात तो आधीच असेल, त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर खरे द्यावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आज द्यावेसे वाटत नसेल, तर तसे सांगावे. तेही चालते.

सांगितलेले कोठे जाते?

समुपदेशन ज्या पायावर उभे आहे, तो पाया म्हणजे गुप्तता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहणे हा त्याचा हक्क मानलेला आहे. आपण काय बोललो ते समुपदेशक वर्गशिक्षकांना, शेजाऱ्यांना किंवा मित्रांना सांगत नाहीत. पालकांनाही शब्दन् शब्द सांगितला जात नाही. काय सांगायचे आणि काय नाही, हे बहुधा विद्यार्थ्याशी बोलून ठरवतात.

मात्र या गुप्ततेला मर्यादा आहेत, आणि त्या पहिल्याच भेटीत समजून घ्याव्यात. एक, कोणाच्या जिवाला धोका असेल, मग तो विद्यार्थ्याचा स्वतःचा असो वा दुसऱ्याचा, तर तो टाळण्यासाठी जवळच्या मोठ्या माणसांना सांगावेच लागते. दुसरी, अठरा वर्षांखालील मुलाचे किंवा मुलीचे कोणी लैंगिक शोषण करीत असेल, तर २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्यानुसार त्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हा नियम मुलांना शिक्षा व्हावी म्हणून नसून त्यांना त्या संकटातून सोडवण्यासाठी आहे. समुपदेशकांनी मर्यादा सांगितल्या नाहीत, तर आपण विचारावे : "मी सांगितलेले तुम्ही कोणाला सांगाल, आणि केव्हा?"

पीटर आणि पांढरा ससा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसत्या बोलण्याने आणि काही गोष्टी करण्याने भीती कमी कशी होते? याचे उत्तर शोधताना एका लहान मुलाची हकिगत उपयोगी पडेल.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर सुमारे तीन वर्षांचा होता. त्याला पांढऱ्या सशाची भीती वाटे. इतकेच नव्हे, तर केसाळ कोट, कापूस आणि पिसे पाहूनही तो घाबरत असे. "घाबरू नकोस" असे सांगून काही उपयोग नव्हता. सशाला न भिणारी मुले पीटरबरोबर खेळायला आणली गेली. प्रथम पिंजऱ्यातला ससा खोलीत कोठेही असला तरी पीटर बिथरे. मग तो बारा फुटांवर चालू लागला, पुढे चार फुटांवर, नंतर तीन फुटांवर.

आणि मध्येच घात झाला. पीटरला आजारपणामुळे दोन महिने दूर राहावे लागले. परतीच्या वेळी एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. भीती पुन्हा पहिल्या जागी जाऊन पोचली! जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवात केली. आता पीटर आवडीचा खाऊ खात असताना, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या अंतरावर ससा ठेवीत आणि हळूहळू जवळ आणीत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला आणि आपली बोटे त्याला कुरतडू देऊ लागला. कापूस, कोट व पिसे यांची भीतीही निघून गेली.

या प्रयोगातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, भीती शिकलेली असू शकते आणि शिकलेल्या गोष्टीच्या शेजारी दुसरी गोष्ट शिकता येते. दुसरी, हे शिक्षण पायरीपायरीने होते. तिसरी, मध्येच घसरगुंडी झाली तर सारे वाया गेले असे नव्हे.

घसरगुंडी का होते, हेही आता बऱ्याच अंशी कळले आहे. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच तो इशारा देतो. मग मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते, हृदय जोराने धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो आणि पचनाचे काम मंदावते. पोटात गोळा येतो तो यामुळे. त्या मुलीची पोटदुखी 'सोंग' नव्हती, हे आपल्या ध्यानात आले असेल. उपचाराने ही जुनी आठवण पुसली जात नाही. "येथे धोका नाही" अशी नवी आठवण तिच्या जोडीला तयार होते. नवी आठवण कच्ची असताना मोठा धक्का बसला, की जुनी वर येते. म्हणून सराव हवा.

येथे आणखी एक मुद्दा आहे. भीतीची जागा टाळली की त्या क्षणी हायसे वाटते. शाळा बुडवली की पोटदुखी थांबते. परंतु त्यामुळे वर्गात प्रत्यक्ष काय होईल हे मेंदूला कधीच कळत नाही, आणि भीती तशीच राहते किंवा वाढते. टाळणे हे भीतीचे खतपाणी होय.

पुढच्या भेटी

आपल्या उदाहरणातील मुलगी आणि तिच्या समुपदेशक मिळून आता एक शिडी तयार करतात. सर्वांत खालच्या पायरीवर घरी आरशासमोर मोठ्याने वाचणे. वरच्या पायऱ्या अशा : धाकट्या भावासमोर वाचणे, एका मैत्रिणीसमोर, रिकाम्या वर्गात बाईंसमोर, पाच-सहा जणींच्या गटात, बाकाजवळ उभे राहून दोन ओळी, आणि शेवटी फळ्याजवळ उभे राहून पूर्ण उतारा. प्रत्येक पायरीला ० ते १० यांपैकी भीतीचा अंक देतात. एका पायरीवरचा अंक पुरेसा खाली आला, की पुढची पायरी. शिडी किती उंच करायची आणि केव्हा चढायची, हे मुलीला विचारूनच ठरते.

याच्या जोडीला विचारांची तपासणी चालते. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५० नंतरच्या दशकात आणि ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. "मी अडखळले तर सगळे हसतील आणि कायम मला नावे ठेवतील" हा विचार कागदावर लिहायचा. मग प्रयोगशाळेत विचारतो तसे विचारायचे : याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय? मागच्या आठवड्यात वर्गात आणखी कोण अडखळले? त्याला आज कोणी नावे ठेवते काय? यात "सगळे चांगलेच होईल" असे मनाला खोटे सांगायचे नसते, तर मनात आलेले विधान तपासल्याशिवाय खरे मानायचे नाही, एवढेच शिकायचे असते.

आठवड्यातून एकदा पाऊण तास बोलून हे साधत नाही. म्हणून समुपदेशक घरचा अभ्यास देतात. या अभ्यासाला गुण नसतात आणि तो जमला नाही तर रागावणेही नसते. का जमला नाही, हाच पुढच्या भेटीचा विषय होतो.

ऐकण्याचे शास्त्र

पुष्कळांचा असा समज असतो की समुपदेशक उपदेश करणार. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' आहे खरा, पण प्रत्यक्षात समुपदेशक बोलतात कमी आणि ऐकतात जास्त. "तू असे कर" यापेक्षा "त्या वेळी तुला काय वाटले?" हे वाक्य आपल्या कानी अधिक वेळा पडेल.

या ऐकण्याचा अभ्यास अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी केला. बंद खोलीत काय बोलले जाते हे पूर्वी कोणालाच तपासता येत नसे. रॉजर्स यांनी संमती घेऊन भेटींचे ध्वनिमुद्रण केले आणि १९४२ साली आठ भेटींचा अक्षरशः वृत्तांत आपल्या पुस्तकात छापला. समुपदेशकाचे कोणते वाक्य माणसाला बोलते करते आणि कोणते गप्प करते, हे आता ताडून पाहता येऊ लागले. १९५७ साली त्यांनी समुपदेशकाच्या ठिकाणी आवश्यक असे तीन गुण मांडले : समोरच्याच्या जागी उभे राहून समजून घेणे, त्याच्याविषयी विनाअट आदर बाळगणे आणि वरवरचा मुखवटा न घालता प्रामाणिक असणे.

गुण येतो हे कशावरून?

विज्ञानाचा विद्यार्थी हा प्रश्न विचारणारच. सर्दी औषधाने सात दिवसांत आणि औषधाशिवाय एका आठवड्यात बरी होते, असे गमतीने म्हणतात. मनाच्या त्रासाचेही तसेच असेल तर? १९५२ साली लंडनचे हान्स आयझेंक यांनी हाच आक्षेप घेतला. अशा रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक उपचारावाचूनही दोन वर्षांत सुधारतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आकड्यांवर वाद झाला, पण आक्षेपाचा फायदा झाला. उपचार घेतलेला गट आणि न घेतलेला गट अशी तुलना करणारे प्रयोग होऊ लागले.

१९७७ साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी अशा ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांचे उत्तर असे समजून घेता येईल : उपचार न घेतलेले शंभर जण त्यांच्या सुधारणेप्रमाणे रांगेत उभे करा. उपचारांचा उपयोग शून्य असेल, तर उपचार घेतलेला सरासरी माणूस या रांगेच्या मध्यावर, म्हणजे पन्नास जणांच्या पुढे उभा राहील. प्रत्यक्षात तो सुमारे पंचाहत्तर जणांच्या पुढे उभा राहिला. म्हणजे उपयोग होतो. परंतु तो प्रत्येकाला सारखाच होतो असे नाही, हेही याच आकड्यातून कळते.

तेव्हा अपेक्षा मापात ठेवावी. एका भेटीत काम होत नाही. आपण पाहिली तशा पद्धतीने साधारण सहा ते वीस भेटी लागतात. एखाद्या भेटीनंतर हलके वाटेल, तर एखादीनंतर जुने दुःख ढवळून निघाल्यामुळे जडही वाटेल. असे झाले तर पुढच्या भेटीत ते सांगावे. तीन-चार भेटींनंतरही एखाद्या समुपदेशकापाशी मन मोकळे होत नसेल, तर दुसरा समुपदेशक निवडता येतो. मात्र जो समुपदेशक हमखास गुणाची हमी देतो, धाक घालतो, नकोसा स्पर्श करतो किंवा "हे घरी सांगू नकोस" असे बजावतो, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगावे.

शिक्षकांसाठी

वारंवार गैरहजेरी, एकाएकी घसरलेले गुण, तपासणीत कारण न सापडणारी डोकेदुखी वा पोटदुखी, मित्रांपासून तुटणे, या गोष्टी दोन-तीन आठवडे टिकल्या तर विद्यार्थ्याशी एकांतात बोलावे. वर्गासमोर "तुला समुपदेशकाकडे पाठवतो" असे म्हणू नये, कारण मग ती शिक्षा वाटते. विद्यार्थी जाऊन आल्यावर "काय सांगितलेस?" असे विचारू नये. "काही मदत हवी का?" एवढेच पुरे.

कोठे विचारावे?

शाळेत समुपदेशक नसल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात येत असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच वेळी घरच्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला सांगावे आणि दूरध्वनी करावा.

करून पाहा

१. सात दिवस रोज रात्री आपल्या मनःस्थितीला ० ते १० यांपैकी एक अंक द्या आणि आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा. प्रत्येक बिंदूखाली त्या दिवशीची झोप किती तास होती ते लिहा. दोन्हींत काही संबंध दिसतो का?

२. तुम्हाला वाटणारी एक लहानशी भीती घ्या आणि तिची सहा पायऱ्यांची शिडी कागदावर काढा. सर्वांत खालची पायरी आज करता येण्याइतकी सोपी हवी.

३. मित्र काही सांगत असताना पाच मिनिटे सल्ला न देता नुसते ऐका. शेवटी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगा आणि "बरोबर कळले का?" असे विचारा. हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे, असे तुम्हाला आढळून येईल.